जगातला सगळ्यात मोठा मिठाचा डबा

“तिथं काय दिसतंय रे, बाळा?” पहिल्या रांगेतून प्रश्न आला आणि रॉय स्टॅनिफर्थचं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं. बाळा म्हणवून घ्यायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. पंचाहत्तरी उलटली होती, दोन्ही गुडघे बदललेले होते, आणि सभागृहाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर तर त्याच्या नावापुढे ‘निवृत्त साहसवीर’ असं छापलेलं होतं. पण विचारणारी ईनिड ब्रॅमॉल नव्वदीपलीकडची होती आणि तिच्या लेखी शेफील्डमधले यच्चयावत पुरुष बाळच होते. पांढरी काठी गुडघ्यांमध्ये धरून, चेहरा पडद्याऐवजी खिडकीकडे करून ती बसली होती. ती आंधळी आहे हे रॉयच्या तेव्हा ध्यानात आलं. मघापासून ती सगळ्यांबरोबर, किंबहुना सगळ्यांच्या जरा आधीच, हसत होती.

भाषणाचं नाव होतं ‘बूड टेकायला जागा नाही’. गॅसचे बॉयलर दुरुस्त करण्यात रॉयचा जन्म गेला, पण रजा साठवून साठवून तो सायकलवर जग हिंडला, आणि दर खेपेला टेकडीवरच्या त्या घरासाठी देणग्या गोळा करून आला. आता बरी न होणारी माणसं त्या घरात शेवटचे दिवस काढतात. त्याच्या बायकोची, ब्रेंडाची, आई तिथंच गेली होती. ‘पाय थकले म्हणून आता तोंड चालवतो,’ असं तो सुरुवातीलाच सांगे आणि पहिला हशा तिथं येई. आज वॉकलीच्या चढावरच्या प्रार्थनामंदिराच्या सभागृहात बुधवारच्या महिला मंडळापुढे तेच चाललं होतं. कोपऱ्यात चहाचा बंब कुरकुरत होता, टेबलावर आल्याचा केक कापून झाकून ठेवला होता, शेजारी सोडतीची बक्षिसं मांडली होती, आणि नोव्हेंबरातला उजेड चहाच्या आधीच गाशा गुंडाळायच्या बेतात होता. ब्रेंडा बाजूच्या टेबलाशी लॅपटॉपवर बोट ठेवून बसली होती. चित्र पुढं सरकवायचं काम तिचं. दोघांमध्ये खुणा वगैरे नव्हत्या, एकच नियम होता: हशा आला की बटण. हशा ओसरायच्या आत पुढचं चित्र यायला हवं, लोकांना गार होऊ द्यायचं नाही, हे बॉयलरवाल्याचं शास्त्र. इतकी वर्षं त्यात चूक झाली नव्हती. या चित्राचं, बोलिव्हियातल्या मिठाच्या मैदानाचं, वाक्यही ठरलेलं होतं. ‘हा जगातला सगळ्यात मोठा मिठाचा डबा, आणि जवळात जवळचं चिप्सचं दुकान सहा हजार मैलांवर.’ बटाट्याच्या गरम चिप्सवर मीठ भुरभुरून खाणाऱ्या या गावात त्यावर न हसणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. मग हशा, बटण, आणि कानटोपी घातलेला, प्रवासातला जोडीदार नॉर्मन, लामा नावाच्या तिकडच्या लांबमान्या लोकरी जनावराच्या गळ्यात गळा घालून. पण आज ‘हा जगातला सगळ्यात मोठा’ इथवरच गाडी आली होती.

“काही नाही गं ईनिड,” मंडळाची अध्यक्ष मार्जरी बूथ मागच्या खुर्चीवरून म्हणाली. “नुसतं पांढरं आहे. विनोद येतोय, दम धर.”

“मी त्याला विचारलं, मार्जरी. तुला नाही.”

“खरंच काही नाही,” रॉय म्हणाला. “माझी सायकल उलटी करून ठेवलीय. बाकी काहीच नाही.”

“कसलं काहीच नाही?”

दोघीचौघी खुसखुसल्या. ईनिड हसली नाही. “म्हणजे काहीच नाहीमध्येसुद्धा प्रकार असतात ना, बाळा. माझं एक आहे, रोजचंच. तुझं कसलं होतं?”

रॉयनं मागं वळून पडद्याकडे पाहिलं. हे चित्र त्यानं किती सभागृहांत दाखवलं होतं, पण दाखवताना तो कधी चित्राकडे बघत नसे, लोकांच्या तोंडांकडे बघे. आता पाहिलं तर खरोखरच नुसतं पांढरं, वर निळं, आणि मध्ये माशी बसावी तेवढी सायकल. ठीक आहे, सांगून टाकू, म्हणून त्यानं आत, त्या दुपारकडे, हात घातला आणि हाताला चिप्सचं दुकान लागलं. आणखी खोल गेला, तर नॉर्मनची कानटोपी. गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की गोष्टीखालची जमीनच राहिली नव्हती. बोलिव्हियातल्या त्या मिठाच्या मैदानावर आपण गेलो होतो हे त्याला माहीत होतं, जसं आपण अमुक साली जन्मलो हे माहीत असतं. पण तिथं काय होतं? ज्या एका गोष्टीसाठी, मनातल्या मनात, त्यानं बाकीचं सगळं हिंडणं माफ केलं होतं, ती गोष्ट जागेवर नव्हती. घरातलं कुणीतरी गर्दीत हात सोडून गेलं आहे आणि आपल्याला आत्ता कळतंय, अशी भीती त्याला वाटली, आणि समोर पन्नासेक बायका मान तिरकी करून विनोदाची वाट बघत होत्या.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. या गावात ‘वाईट नव्हतं’ याच्यावर स्तुती नाही. पोरीचं लग्न, पोराचं बक्षीस, चर्चमधलं गाणं, सगळं फार तर वाईट नसतं. याहून मोठा शब्द तोंडातून निघाला की शेजारी भुवया उंचावून विचारतात, काय रे, तब्येत बरी आहे ना? त्या प्रवासाहून परतला तेव्हा स्टेशनवर ब्रेंडा आली होती, पावसाळी कोट घालून. “कसं होतं मग?” तिनं विचारलं. त्याच्या छातीत ते पांढरं अजून ताजं होतं, उतू जाईल इतकं, आणि तो म्हणाला, “वाईट नव्हतं. चिप्स मिळत नाहीत तिथं.” ब्रेंडा हसली. विनोदाचा जन्म तिथं झाला, सामानाच्या ट्रॉलीपाशी. त्या दिवशी तिला हसताना बघून त्याला हायसं वाटलं होतं. आईच्या मरणानंतर ती फारशी हसली नव्हती. जायचंच आहे तर निदान कुणाच्या उपयोगी पडेल असं जा, असं तिनंच त्याला सांगितलं होतं, आणि तो तिकडे पायडल मारत असताना इथं घरोघर देणगीचा डबा खुळखुळवत तीच फिरली होती. पुढं एकदा, आणखी एका प्रवासाची बांधाबांध चालली असताना, त्यानं जिन्यावरून ऐकलं. स्वयंपाकघरात ब्रेंडा बहिणीशी बोलत होती. “हसायला जातो गं तो तिकडे. इथं हसण्यासारखं काय आहे?” तक्रारीचा सूर नव्हता. भांडी पुसता पुसता सांगावं तसं सांगितलं होतं. तो जिन्यावर तसाच उभा राहिला, हातात मोजे घेऊन. खाली जाऊन सांगावं, नाही गं, तसं नाही, असं फार वाटलं. पण मग कसं, हे सांगावं लागलं असतं. आणि ते सांगण्यात एक काटा होता. तो काटा त्याला आजही बोचत होता. त्या मैदानावर जे घडलं त्यात ब्रेंडा नव्हती.

“पांढरं म्हणजे तरी कसं?” ईनिडनं गाडी पुढं ढकलली. तिला घाई नव्हती. “पिठासारखं की चमच्यासारखं? मी चमचे घासण्यात आयुष्य काढलंय. कारखान्यात, चकाकी आणायच्या बफरच्या चाकावर. पांढऱ्यातलं मला कळतं.”

पीठ की चमचा. कुणी असं विचारेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि उत्तर त्याच्या आधी त्याच्या तोंडातून निघून गेलं. “सकाळी पिठासारखं. ऊन चढलं की चमच्यासारखं. डोळे मिटले तरी पापण्यांतून आत यायचं.” आणि हे बोलता बोलता त्याला पापण्यांच्या आतला तो लाल रंग दिसला. तो रंग त्याचा स्वतःचा होता. कुठल्याही भाषणात तो त्यानं वापरला नव्हता, म्हणून तो शाबूत राहिला होता.

लाल रंगामागून बाकीचं आलं, एकेक, लाजत आल्यासारखं. चाकाखाली मीठ करकरायचं ते. जमिनीवर कुणी आखून ठेवल्यासारखे षटकोन, त्यांच्या वर आलेल्या कडा, आणि त्या कडांवरून जाताना हॅन्डल धरलेल्या हातांना बसणारा बारीक ठोका. पंक्चर झालं तेव्हा कळलं की पंप पिशवीतून कुठंतरी पडलाय. नॉर्मननं गॅसखात्यात शिकलेल्या सगळ्या शिव्या एका दमात वापरल्या आणि तो पंप शोधायला आल्या वाटेनं मागं गेला. वाट कसली, त्यांच्याच चाकांची रेघ. रॉय सायकल उलटी करून तिच्या सावलीत बसला. नॉर्मन आधी माणसाएवढा होता, मग बाहुलीएवढा, मग जमिनीपासून सुटला आणि हवेत तरंगायला लागला, आणि मग नव्हताच. लांबवरचे डोंगरही खालून कापल्यासारखे अधांतरी लोंबत होते. वारा होता तोवर ठीक होतं, वारा म्हणजे काहीतरी चाललंय. मग वारा पडला. कुणीतरी पाऊल टाकत जवळ येतंय असं वाटून त्यानं मागं वळून पाहिलं, तर ते त्याचंच काळीज होतं. मग तेही ऐकू येईनासं झालं, आणि त्यानंतर, याची त्याला कल्पनाच नव्हती, घण थांबला. त्याचा जन्म खालच्या वस्तीतला, लोखंडाच्या भट्टीला लागून असलेल्या गल्लीतला. रात्रंदिवस वाफेचा घण पडायचा, कपाटातल्या बशा किणकिणायच्या, आणि पोरं त्या ठोक्यावर झोपायची. बाप त्याच भट्टीत कामाला होता आणि मरताना ठार बहिरा होता. भट्ट्या कधीच बंद पडल्या, तिथं आता दुकानं आहेत, पण घण रॉयच्या कानात पडतच राहिला होता आणि तो पडतोय हे त्याला माहीत नव्हतं. त्या मिठावर घण पहिल्यांदा थांबला तेव्हा समजलं, की जन्मल्यापासून आपण हा ऐकत होतो.

आणि मग काय झालं? इथं शब्द त्याची साथ सोडत होते, पण दिसत सगळं होतं. त्यानं आपला हात समोर धरला होता. हात जवळ आहे की डोंगराएवढा लांब, हे सांगता येत नव्हतं. मोजायला काही नव्हतं. झाड नाही, पाखरू नाही, माशी नाही, वास नाही. इतकी मोठी जागा, आणि ती कशासाठीच नव्हती. कुणी बघावी म्हणून नव्हती, तो आला म्हणून झाली नव्हती, गेला म्हणून कमी होणार नव्हती. आणि तरीही ती त्याच्याकडे बघत होती असं वाटलं. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. भीती वाटायला कुणीतरी असावं लागतं. तो तिथं नव्हता. रॉय हे नाव नव्हतं, शेफील्ड नव्हतं, बॉयलर नव्हते, टेकडीवरचं ते घर आणि त्यात मेलेली माणसं नव्हती. ब्रेंडाही नव्हती. आणि एवढं सगळं नसूनही, किंवा नसल्यामुळे, आनंद होता. कुणाचा ते ठाऊक नाही, पण होता, काठोकाठ. किती वेळ, देव जाणे. सायकलची सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली होती.

जग परत आलं तेही त्याला आता आठवलं. एकदम आलं नव्हतं, क्रमानं आलं होतं. आधी एक आवाज आला, नाक चोंदलेला, थोडा चिडका: ‘रॉय, आत बनियन घातलंस ना?’ कुणाचा आवाज ते कळायच्या आत शब्द कळले. मग आवाजामागून ब्रेंडा आली, ब्रेंडामागून स्वयंपाकघर, त्यातली पिवळी किटली, किटलीमागून गल्ली, चढ, गाव, आणि सगळ्यात शेवटी त्याचं स्वतःचं नाव. नुसत्या पांढऱ्यावर कुणीतरी पुन्हा सगळं मांडत होतं आणि सुरुवात तिच्यापासून करत होतं. तो ढसाढसा रडला. रडता रडता नॉर्मन हवेत दिसायला लागला, मग बाहुलीएवढा, मग माणसाएवढा, हातात पंप. मैलोगणती कुठंही चिटपाखरू नसलेल्या त्या मैदानाकडे एकवार नजर टाकून नॉर्मननं विचारलं, “मी नसताना कोणी आलं होतं का?” त्यांच्या यॉर्कशर मुलखातला अस्सल विनोद. रॉयनं बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाला, “नाही.” नॉर्मन आता या जगात नाही. त्याला खरं उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि त्या एका ‘नाही’वरच पुढची सगळी भाषणं उभी राहिली.

“रॉय, बंब उकळलाय,” मार्जरी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. तिचा हेतू चांगला होता. बिचाऱ्याला वाक्य आठवत नाहीये, त्याला मोकळं करावं. रॉयनं ब्रेंडाकडे पाहिलं. ती चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होती, बोट बटणावर, ओठ किंचित हललेले. त्याला ‘चिप्स’ हा शब्द ती ओठांनी पुरवत होती. या बाईनं ते वाक्य त्याच्या इतक्याच वेळा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून बटण शोधलं होतं. आत्ता ते वाक्य म्हणून टाकलं तर सगळं सुरळीत होईल. हशा, लामा, चहा, केक, सोडत, आभार. आणि मग हा लाल रंग, हा थांबलेला घण पुन्हा सापडेल याची खात्री नव्हती. बहुधा नाहीच सापडणार. आणि सांगितलं, तर काटा तिच्याच पुढ्यात काढावा लागेल, पन्नास बायकांदेखत.

“ईनिड,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भाषणातला राहिला नाही, बॉयलरखाली पाठीवर पडून कुणाला तरी पाना मागावा तसा साधा झाला. “मी तिथं एकटाच होतो. वारा पडला. आणि मग मीसुद्धा नव्हतो.”

सभागृह शांत झालं. ही शांतता रॉयच्या ओळखीची होती. विनोद लांबून येतोय, मोठा येतोय, अशी ती शांतता. मागच्या रांगेत कुणीतरी आधीच तोंडावर रुमाल धरला.

“काही आठवत नव्हतं मला. माझं नाव नाही. हे गाव नाही. माझी बायको इथं बसलीय, ती पण नाही. तिला मी हे कधी सांगितलं नाही, कारण,” तो थांबला. ब्रेंडाकडे बघायचं धाडस झालं नाही, म्हणून तो ईनिडच्या मिटल्या डोळ्यांशी बोलत राहिला. “कारण मी सुखात होतो. इतकं मोठं सुख मला आधी माहीत नव्हतं, नंतरही झालं नाही. देवळात माणसं कशासाठी गुडघे टेकतात ते मला तिथं कळलं. मी टेकले नाहीत, टेकायला मी नव्हतोच. किती वेळ तसं गेलं ते माहीत नाही. आणि मग सगळ्यात पहिलं काही परत आलं असेल, तर तिचा आवाज आला. जगात बाकी काहीही यायच्या आधी. मला म्हणाली, रॉय, आत बनियन घातलंस ना?”

आणि हशा फुटला. असा हशा त्या भाषणाला कधीच मिळाला नव्हता. रुमाल सुटले, खुर्च्या करकरल्या, मार्जरी मांडीवर हात मारून ‘बनियन, अगं बाई, बनियन’ म्हणत डोळे पुसायला लागली. त्या वाईट नव्हत्या. त्यांना सांगितलं होतं की हा माणूस गमतीदार बोलतो, आणि इतकं उंच नेऊन असं आपटणं त्यांच्या गावात आजवर कुणाला जमलं नव्हतं. हसणं हीच त्यांची दाद होती, टोपी काढून दिलेली. रॉय मात्र हात लोंबते सोडून उभा होता. त्याला राग आला नाही, फक्त एकच कळलं, की हशा आलाय, म्हणजे आता बटण. आता पांढरं जाणार आणि लामा येणार. त्यानं डोळे मिटून घेतले. पापण्यांआड लाल रंग होता, तेवढाच बघून घ्यावा म्हणून.

हशाचा भर ओसरला, मग तुकड्या-तुकड्यांनी उरला, मग कुणीतरी खोकलं. लामावर हमखास उठणारा दुसरा हशा उठला नाही. रॉयनं डोळे उघडले. पडद्यावर पांढरंच होतं, वर निळं, मध्ये सायकल. बाहेरचा उजेड आता पुरता गेला होता आणि दिवे कुणी लावले नव्हते, म्हणून ते पांढरं पडद्यावरून उतरून पहिल्या रांगेतल्या बायकांच्या चेहऱ्यांवर, त्यांच्या मांडीवरच्या पिशव्यांवर, ईनिडच्या मिटल्या डोळ्यांवर पसरलं होतं. ईनिडनं चेहरा खिडकीकडून पडद्याकडे वळवला होता.

“ब्रेंडा,” मार्जरी टेबलाकडे वाकून कुजबुजली, “अडकलंय का गं ते?”

ब्रेंडाचं बोट बटणावर नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून, चष्मा सारखा करून ती पडद्याकडे बघत होती.

“नाही,” ती म्हणाली. “राहू दे जरा. इतकी वर्षं सरकवतेय, पण मी हे कधी बघितलंच नाही.”